तळं वैशाखाच्या मापानं आखा

‘धरण उशाला, कोरड घशाला’ म्हणजे काय, हे भोर-वेल्ह्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणं याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात आणि एप्रिल लागला की याच डोंगरांतल्या कित्येक वाड्या टँकरची वाट पाहत बसतात. अशा मुलखात परसात किंवा शेतघराच्या आवारात बागेपुरतं तळं करावं का, हा प्रश्न प्रत्येकानं फावडं उचलण्याआधी स्वतःला विचारायला हवा. माझं उत्तर ‘करावं’ असं आहे, पण एका अटीवर. ते तळं पावसाच्या पाण्यावर जगलं पाहिजे. बोअरचं पाणी उपसून किंवा टँकर मागवून भरलेलं शोभेचं तळं इथं कोणीही करू नये. शेजारच्या वाडीतली बाई हंडा घेऊन उभी असताना आपल्या आवारात कारंजं उडावं, यात शोभा नाही.

ही अट पाळायची तर तळ्याचा विचार उलट्या टोकानं सुरू करावा लागतो. आपल्याला तळ्याची हौस येते ती आषाढात. डोंगर हिरवे झालेले असतात, ओढे भरून वाहतात आणि कुठंही खड्डा केला तरी तो भरणारच असं वाटतं. तेव्हाच्या मनःस्थितीत काढलेला आराखडा वैशाखात फसतो. म्हणून आकार, खोली, जागा, झाडं सगळं ठरवताना डोळ्यांसमोर एप्रिल-मे ठेवायचा.

आधी थोडा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या भागात उघड्यावरच्या पाण्याची पातळी हिवाळ्यात दिवसाला साधारण ३ ते ४ मिलिमीटरनं उतरते आणि उन्हाळ्यात ६ ते ८ मिलिमीटरनं. हे फक्त वाफेनं जाणारं पाणी, जमिनीत मुरणारं वेगळं. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला थांबला असं धरलं, तर तिथून जानेवारीअखेर तळं जवळपास ४० सेंटिमीटर खाली जातं आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आणखी ८०-८५ सेंटिमीटर. म्हणजे मृगापर्यंत एकूण सव्वा मीटरच्या आसपास. मीटरभर खोलीचं तळं, अगदी थेंबभरही न गळणारं असलं, तरी एप्रिलअखेर तळाशी लागतं.

आता ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असं एक बेताचं तळं घ्या. त्याच्या १२ चौरस मीटर पाण्यातून उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ८४ लिटर पाणी उडून जातं. पातळी राखायची ठरवली तर चार महिन्यांत १० हजार लिटर घालावे लागतात. तो एक मोठा टँकर झाला. तेच तळं अडीच बाय दोन मीटरचं केलं तर पाण्याचा पृष्ठभाग ५ चौरस मीटर होतो, रोजची तूट ३५ लिटरवर येते आणि चार महिन्यांची ४,२०० लिटरवर. एवढं पाणी छपरावरून सहज मिळतं. ५० चौरस मीटरच्या छपरावर पूर्वेकडच्या कमी पावसातसुद्धा हंगामात ३०-४० हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं फक्त ५ हजार लिटर एका झाकणबंद टाकीत साठवून ठेवलं, तर बारमाही छोटं तळं कोणाच्याही वाट्याचं पाणी न घेता उन्हाळा काढू शकतं. टाकी हस्ताच्या पावसात भरून घ्यायची आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची. या टाकीशिवाय बारमाही तळ्याच्या भानगडीत पडू नका, असंच मी म्हणेन.

दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. तळं हंगामी ठेवायचं. जूनमध्ये भरणारं, दिवाळीत काठोकाठ असणारं आणि संक्रांत ते महाशिवरात्रीच्या दरम्यान शांतपणे आटून जाणारं. खोली ५०-६० सेंटिमीटर पुरते. सह्याद्रीच्या सड्यांवर अशी डबकी हजारो वर्षं भरत आणि आटत आली आहेत. इथल्या बेडकांचं, चतुरांचं, पाणवनस्पतींचं आयुष्य त्याच तालावर बेतलेलं आहे. तळं आटलं म्हणजे ते फसलं असं समजायचं कारण नाही. केळद, पासली, हिर्डोशी, भुतोंडे अशा घाटाजवळच्या गावांत, जिथं पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तिथं हंगामी तळंच शहाणपणाचं. बारमाही तळ्याची हौस असेल तर ते लहान, खोल आणि सावलीत करा.

खोल आणि लहान तोंडाचं पाणी टिकतं, हे आपल्या किल्ल्यांवरच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. सह्याद्रीतल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी पाहा. काहींना तर आत खांब सोडून वर खडकाचंच छत ठेवलेलं आहे, त्यामुळे ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी ज्याच्यावरून राजगड झालं, त्या गडावर पद्मावती माचीवरचा बांधीव तलाव आहे आणि बालेकिल्ल्यावर चंद्रतळं. पुढच्या वेळी गड चढाल तेव्हा फोटो काढून झाले की पाणी तिथं कुठल्या उतारानं येतं, जादा पाणी कुठून बाहेर पडतं, एवढं बघून या. नसरापूरजवळच्या बनेश्वरलाही जा. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४९ च्या सुमाराचं हे शिवमंदिर गर्द झाडीत आहे, आणि तिथली मासे-कासवांची बांधीव कुंडं जिवंत झऱ्याच्या पाण्यावर भरतात. येणारं पाणी, सावली आणि बाहेर जाण्याची वाट या तीन गोष्टींवर ती कुंडं इतकी वर्षं चालली आहेत. आपल्या परसात झरा नसतो, पण उरलेल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

जागेची निवड

घाई नसेल तर एक पावसाळा फक्त पाहण्यात घालवा. छत्री घेऊन आवारात फिरा. पाणी कुठून शिरतं, कुठं साचतं, कुठल्या बाजूनं निघून जातं याच्या खुणा खुंट्या ठोकून करून ठेवा. विशेषतः उपळ कुठं फुटतो ते बघा. पश्चिमेकडच्या गावांत श्रावणापर्यंत जमीन पाण्यानं इतकी भरते की उतारावर जागोजागी पाणी आपोआप वर येतं. अशी उपळट जागा हंगामी तळ्यासाठी उत्तम, कारण तिथं अस्तराशिवाय पाणी राहतं. पण त्याच जागी प्लॅस्टिकची फिल्म अंथरलीत, तर खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबानं ती फुग्यासारखी वर उचलली जाते, सुरकुत्या पडतात आणि काठ सुटतात. मुसळधार पावसाच्या गावात फिल्म टाकायचीच असेल तर वरच्या अंगाला तळ्याच्या तळापेक्षा खोल चर खणून ते पाणी बाजूनं काढून द्यावं लागतं.

कापूरहोळ, किकवी, सारोळे या पूर्वेकडच्या पट्ट्यात गोष्ट वेगळी आहे. घाटमाथ्याच्या गावांत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तर इकडं हजाराच्या आतच. इथं उपळाची भीती नाही, पण पाणी आणायचं कुठून हा प्रश्न. तेव्हा इकडं छपराच्या पन्हाळीचं पाणी नेता येईल अशीच जागा धरा.

घराच्या पायापासून निदान तीन-चार मीटर दूर राहा. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून आणखी लांब, आणि त्याच्या वरच्या अंगाला. ओढ्याच्या पात्रात तळं करू नका, बांध घालून ओढा अडवूही नका. पहिल्याच मोठ्या पावसात ते गाळानं भरतं किंवा वाहून जातं, शिवाय खालच्या शेतकऱ्याच्या हक्काचं पाणी अडतं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायची आहे. डोंगर कापून सपाटी केलेल्या प्लॉटवर घराच्या वरच्या बाजूला तळं खणू नका. हल्ली इथं असे प्लॉट पुष्कळ आहेत. तासलेल्या उताराच्या माथ्यावर पाणी मुरवणं म्हणजे तो उतार आतून भिजवून जड करणं. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडलं गेलं, ते याच जिल्ह्यातलं. आपला डोंगर तसा नाही असं कोणीही गृहीत धरू नये. आवारात उभ्या भेगा दिसत असतील, झाडं किंवा खांब कलत असतील, तर तळ्याचा बेत सोडून आधी पाणी बाहेर काढून देण्याची सोय करा.

ऊन-सावलीचं गणित सोपं आहे. कुमुदिनीला फुलायला पाच-सहा तास ऊन लागतं, आणि पाणी टिकायला दुपारची सावली. म्हणून पूर्वेकडून मोकळी आणि पश्चिमेला झाडाची सावली असलेली जागा सर्वांत चांगली. पण झाड थेट डोक्यावर नको. जांभूळ, आंबा, फणस यांचा पाला पाण्यात कुजतो आणि पाणी काळं पडतं. वड-पिंपळ-उंबर आणि बांबू यांची मुळं अस्तर सोडत नाहीत, त्यांच्यापासून लांबच बरं.

माती बघून अस्तर

पहिली परीक्षा मातीची. जिथं खणायचं तिथली दोन-तीन फुटांवरची ओली माती हातात घ्या, पेन्सिलीएवढी वळी करा आणि तिची बांगडी वळवून बघा. न तुटता, न चिरता वळली तर माती चिकण आहे, पाणी धरेल. वळी मोडली तर मुरूम किंवा वाळू जास्त. दुसरी परीक्षा खड्ड्याची. फूटभर खोल खड्डा करून दोनदा पाण्यानं भरा आणि मुरू द्या. तिसऱ्यांदा संध्याकाळी भरून पातळीची खूण करा. सकाळपर्यंत चार-पाच बोटांपेक्षा जास्त उतरलं तर अस्तराशिवाय चालणार नाही.

माती चिकण असली, तर भात लावणाऱ्या माणसाला तळं कसं करायचं हे मी काय सांगणार? खाचरात पाणी का टिकतं, तर चिखलणीमुळे. पाण्यातच औत फिरवून माती इतकी मळली जाते की तिच्यातल्या फटी बुजतात आणि खाली एक घट्ट थर बसतो. तळ्याच्या तळालाही तेच करायचं. तळ आणि बाजू उकरून, भिजवून, पायांनी तुडवायच्या. वर बाहेरून आणलेल्या चिकणमातीचे दोन-तीन थर, प्रत्येक चार-पाच बोटांचा, घालून एकेक थर धुमसानं ठोकायचा. एकूण जाडी १५ ते २० सेंटिमीटर हवी. जवळच्या तलावातला गाळ मिळाला तर उत्तम. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून असा गाळ उचलला जातो, ग्रामपंचायतीत चौकशी करा. हंगामी तळ्यात ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पण पहिल्या दोन-तीन पावसांत फुगून पुन्हा मिटते. मृगात एकदा त्यात गुरं फिरवून घेतली तर उरलेल्या फटीही बुजतात. पडीक खाचराचा एखादा कोपरा हातात असेल तर निम्मं तळं तयारच आहे.

मुरमाड जमिनीत बारमाही तळ्याला शेततळ्यासाठी मिळते ती ५०० मायक्रॉनची फिल्म सोयीची. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ती तालुक्याच्या दुकानांत ओळखीची झाली आहे. मापाची पद्धत अशी: तळ्याच्या लांबीत दुप्पट खोली आणि काठासाठी एक मीटर मिळवा, रुंदीचंही तसंच. ४ बाय ३ मीटरच्या, मीटरभर खोल तळ्याला ७ बाय ६ मीटरचा तुकडा लागेल. जोड देऊन पैसे वाचवू नका, एकसंध तुकडा घ्या. अंथरण्याआधी हातानं चाचपून खडे आणि मुळांची टोकं काढा, वर दोन-तीन बोटं चाळलेली माती किंवा जुनी गोणपाटं घाला. काठाला फूटभर खोल चर घेऊन त्यात फिल्मचं टोक पुरा आणि वर चपटे दगड बसवा. ऊन लागणारी फिल्म लवकर पिचते, म्हणून पाण्याच्या वर तिचा एक वीतसुद्धा भाग उघडा राहता कामा नये. घुशींनी कुरतडण्याची भीती असते, तेव्हा काठालगत दगडांचे पोकळ ढीग नकोत.

सिमेंट-जाळीचं किंवा दगडी बांधकामाचं तळं सुबक दिसतं, पण खर्चिक, आणि मुरमाच्या जमिनीत बारीक तडे जातात. केलंत तर नव्या सिमेंटचा खार उतरेपर्यंत दोन-तीन वेळा भरून, आठवडाभर ठेवून, पाणी काढून टाकावं लागतं. ते पाणी झाडांना घालू नका. त्याआधी झाडं किंवा जीव सोडले तर मरतात.

खणणं

खणायचं ते पाडव्यानंतर, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपवायचं. वळीव आला की उघडा खड्डा ढासळतो. वरची काळी-तांबडी माती वेगळी ठेवा, ती बागेला. खालच्या मुरमाचा उताराच्या बाजूला बांध घाला. तो मुरूम आवाराबाहेर न्यायचा किंवा विकायचा असेल तर तहसील कार्यालयाची परवानगी आणि रॉयल्टीचा प्रश्न येतो, तेव्हा आतच वापरलेला बरा.

काठ सगळीकडून एका पातळीत हवा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी फिरवून घ्या. एका बाजूला चार बोटं काठ खाली राहिला तर पाणी तिथूनच जातं आणि समोरची फिल्म कायम उघडी पडते.

आतून तीन पायऱ्या करा. काठाशी वीतभर खोल आणि फूटभर रुंद, दलदलीतल्या झाडांसाठी. पुढं दीड-दोन फुटांवर दुसरी, कुमुदिनीच्या कुंड्यांसाठी. मध्ये किंवा सावलीच्या बाजूला मीटर-सव्वामीटर खोलीचा डोह. उन्हाळ्यात वरच्या पायऱ्या कोरड्या पडल्या तरी डोहात पाणी राहतं, आणि पाण्याचा पृष्ठभाग आक्रसल्यामुळे वाफही कमी होते.

एक बाजू मात्र पायऱ्यांची नको, निमुळत्या उताराची हवी, दगडगोटे पसरलेली. ही बाजू कधीही गाळू नका. मुंगूस, साळिंदर, सरडा, कुत्र्याचं पिल्लू, कोणीही पाण्यात पडलं तर त्याला चढून येता आलं पाहिजे. प्लॅस्टिकच्या शेततळ्यांत गुरं आणि पोहता येणारी माणसंसुद्धा बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, कारण ओल्या फिल्मवर हात-पाय ठरत नाहीत. फिल्म घातलेल्या तळ्यात उताराच्या बाजूला एका खुंटाला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर कायम सोडून ठेवा. घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडं येत असतील, तर कमरेएवढं कुंपण किंवा पाण्याखाली चार बोटांवर लोखंडी सळ्यांची मजबूत जाळी यांपैकी एक गोष्ट हवीच. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत फक्त वीतभर खोलीचं हंगामी तळं करा आणि तेही नजरेच्या टप्प्यात, असं मी सुचवेन.

सांडवा हा तळ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेला. जुलैत घाटाजवळ एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. १०० चौरस मीटर छपराचं पाणी तळ्यात सोडलं असेल तर त्या एका दिवशी १० हजार लिटर येणार. ते कुठून बाहेर पडणार हे तुम्ही ठरवलं नाही, तर पाणी स्वतः ठरवतं आणि बांध फोडून जातं. म्हणून काठापेक्षा चार बोटं खाली, निदान दोन फूट रुंद, दगडांनी बांधलेला सांडवा घ्या आणि पुढचं पाणी चरानं केळी-पपईकडं किंवा खाचराकडं न्या. छपराच्या पन्हाळीला एक वळती जोडणीही ठेवा, म्हणजे पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी आणि भर पावसाळ्यातलं जादा पाणी तळ्यात न येता बाहेर काढता येईल.

काय लावावं, काय येऊ द्यावं

तळं भरल्यावर पहिले तीन-चार आठवडे पाणी हिरवं होतं. घाबरून मोरचूद किंवा ब्लीचिंग टाकू नका. झाडं वाढून निम्म्याहून अधिक पाणी झाकलं गेलं की ते आपोआप निवळतं. खत, शेणखत, खाचरातून वाहून येणारं युरियाचं पाणी यांपैकी काहीही तळ्यात जाता कामा नये, शेवाळ त्यावरच माजतं.

काठाच्या पायरीवर वेखंड, ब्राह्मी, अळू लावा. वाळा काठाबाहेर लावा, त्याची मुळं बांध घट्ट धरतात. मधल्या पायरीवर कुमुदिनी, पण कुंडीत. कुंडीत जड काळी माती घालायची, खत नाही, आणि वर खडीचा थर द्यायचा म्हणजे माती उठत नाही. कमळाला स्वतंत्र टोपलं हवं, मोकळं सोडलं तर दोन हंगामांत सगळं तळं व्यापतं. थोड्या अंतरावर, सावलीच्या बाजूला ताम्हण लावा. ओढ्याकाठचं झाड आहे, जोमानं वाढतं, आणि राज्यफूल मे महिन्यात आपल्या दारात फुलतं.

जलपर्णी कितीही सुंदर फुलली तरी आणायची नाही. पुण्यात मुळा-मुठेची आणि खाली उजनीची अवस्था तिनं काय केली ते सर्वांना दिसतं आहे. पाणकणीसही लहान तळ्यात नको. इथं आपल्यावर एक वाढीव जबाबदारी आहे. आपण नद्यांच्या उगमाशी राहतो. आपल्या सांडव्याचं पाणी ओढ्यातून गुंजवणी, वेळवंडी, नीरा, आंबी, मोसी यांत जातं आणि पुढं भीमेच्या खोऱ्यात. दुकानातून आणलेलं एक रोप किंवा एक मासा इथं सुटला तर तो खाली शेकडो किलोमीटर पोचू शकतो.

माशांच्या बाबतीत हाच नियम. पहिल्या वर्षी मासे सोडूच नका. हंगामी तळ्यात तर कधीच नको, मासे नसतील तिथंच बेडकांची पिल्लं तगतात. तिलापिया नको, थाई मांगूर तर नकोच, त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. डासांसाठी गप्पी मासे सुचवले जातात. चारी बाजूंनी बंद असलेल्या टाकीत ते ठीक, सांडवा असलेल्या तळ्यात नाही. कासव कोणी आणून दिलं तर घेऊ नका. देशी कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि दुकानात मिळणारं लाल कानपट्टीचं विदेशी कासव इथल्या जिवांना मारक आहे.

मग डासांचं काय? डासाला अंडं ते पूर्ण कीटक व्हायला उन्हापावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. नव्या तळ्यात पहिले काही आठवडे ते होतात, हे खरं. पण लवकरच चतुर आणि टाचण्या अंडी घालायला येतात, त्यांची पाण्यातली पिल्लं आणि पाठीवर पोहणारे पाणकीटक डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतात. डेंग्यूचा डास तर जिवंत तळ्यापेक्षा बादली, टायर, नारळाची करवंटी, फ्रिजमागचा ट्रे अशा साचलेल्या पाण्यातच जास्त होतो. ते सगळं आधी रिकामं करा. मधल्या आठवड्यांत संध्याकाळी अळ्या वळवळताना दिसल्या तर चहाच्या गाळणीनं काढून कोरड्या जमिनीवर टाका. रॉकेल किंवा जळकं तेल पाण्यावर ओतण्याचा जुना उपाय करू नका, त्यानं अळ्यांबरोबर त्यांना खाणारेही मरतात.

पाण्यामागून बेडूक येतात, बेडकांमागून दिवड येतो. दिवड बिनविषारी आहे, त्याला मारू नका. घोणस किंवा नागही आवारात येऊ शकतो, म्हणून तळ्याकडं जाणारी पायवाट मोकळी, गवत कापलेली ठेवा आणि रात्री विजेरीशिवाय जाऊ नका. दंश झालाच तर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. गावातली गुरं पाण्याचा वास घेत येतील. त्यांच्यासाठी कुंपणाबाहेर एक दगडी डोण भरून ठेवा, म्हणजे त्यांच्या खुरांनी फिल्म फाटणार नाही आणि कोणाचं जनावर तहानलेलं परतणार नाही.

वर्षाची कामं

श्रावण-भाद्रपदात दर मोठ्या पावसानंतर सांडवा बघा, त्यात अडकलेली पानं-काटक्या काढा. दिवाळीच्या सुमारास, पाणी काठोकाठ असताना, टाकी झाकून सील करा आणि काठावरच्या दगडावर पातळीची खूण करा. त्या खुणेपासून दर आठवड्याला पाणी किती उतरतं ते लिहून ठेवा. थंडीत आठवड्याला दोन-तीन सेंटिमीटर उतरणं वाफेचं आहे, त्याहून बरंच जास्त असेल तर कुठंतरी गळती आहे आणि ती याच काळात शोधणं सोपं. पातळी ज्या रेषेशी येऊन थांबेल, भोक त्याच रेषेवर असतं.

फेब्रुवारीपासून डोंगरांवर वणवे लागतात. तळ्याभोवती आणि कुंपणालगत तीन मीटर रुंदीची जाळरेषा गवत काढून मोकळी करा. फिल्मच्या तळ्याला याची जास्त गरज आहे. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला, तळ्याला टाकीतलंच द्या. साबणाचं, खरकट्याचं पाणी तर कधीच नको. टाकीतलं पाणी संध्याकाळी सोडा आणि एप्रिलमध्ये जास्त वाफ होत असेल तर डोहावर नारळाच्या झावळ्यांचा तात्पुरता मांडव घाला. टाकी संपली तर तिथंच थांबा. तळं आटू द्या.

गाळ काढायचा तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि सगळा एकदम नाही. एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी, कारण उरलेल्या ओल्या गाळात गोगलगायी, काही बेडूक आणि पाणवनस्पतींचे कंद पावसाची वाट बघत दबून बसलेले असतात. काढलेला गाळ दोन दिवस काठावरच पसरून ठेवा, म्हणजे त्यातले जीव परत आत जाऊ शकतील. मग तो आळ्यांत घाला. फिल्मच्या तळ्यात फावडं वापरू नका, घमेलं आणि हात एवढंच.